तारणाऱ्याचे मरण आणि त्याची कबर

संतसज्जनहो, कीर्तनकाराच्या जिभेला एक खोड असते. रात्र चढली, श्रोते पेंगू लागले, की तो एखादा विनोद टाकतो. विनोद लागला म्हणजे टाळकरी हसतात, मंडपाच्या कडेला बसलेली पोरे हसतात, आणि बुवांना वाटते, आजचे निरूपण रंगले! अशाच एका विनोदाची ही हकीकत आहे. तो मी केला, तो लागलाही, आणि त्याची लाज मला इतक्या वर्षांनी अजून आहे. पण त्या लाजेमुळेच एका मोठ्या प्रश्नाचा विचार करणे मला भाग पडले. तो प्रश्न, आणि माझ्या अल्पमतीप्रमाणे झालेला त्याचा विचार, आज आपल्यापुढे ठेवतो.

१९९१ साल. नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. चौथ्या दिवसाचे कीर्तन माझ्याकडे होते. देवाच्या अविनाशी स्वरूपाचे निरूपण चालले होते. बोलण्याच्या भरात मी म्हणालो, "अहो, जगात असेही लोक आहेत, की ज्यांचा देव मेला, त्याला पुरला, अन् वर धोंडा लावला! आता जो स्वतःच धोंड्याआड गेला, तो तुम्हाआम्हाला कुठून बाहेर काढणार?" मंडप खदखदून हसला. मीही हसलो.

कीर्तन आटोपले. मंडळी पाया पडून गेली. सर्वांत शेवटी एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. पांढरे धोतर, काळी टोपी, हातात काठी. गावच्या शाळेत पुष्कळ वर्षे मास्तर होते, आणि धर्माने ख्रिस्ती. सप्ताहात दरवर्षी मागच्या खांबाला टेकून बसत. अभंग त्यांना पाठ होते. नमस्कार करून ते म्हणाले,

"महाराज, कीर्तन गोड झालं. एक बोलू का? तुमचा तो विनोद नवा नाही. पहिल्यांदा तो वधस्तंभाखालीच झाला. तिथं उभी असलेली माणसं हसून असंच म्हणत होती, की हा लोकांना वाचवायला निघाला होता, आता याला स्वतःला वाचवता येईना. तेव्हा तुम्ही जिथं हसून थांबलात ना, तिथनं आमचं सुरू होतं. रागानं नाही सांगत. रामराम."

एवढे बोलून ते काठी टेकीत अंधारात गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. लहानपणी पाठशाळेत गुरुजींनी शिकवले होते, की ज्याचे खंडन करायचे त्याचा पक्ष आधी त्याच्याहून चांगला मांडता आला पाहिजे. तो न मांडता केलेला वाद म्हणजे नुसती वितंडा. मी तर त्या लोकांचा पक्ष मांडलाच नव्हता. वितंडाच केली होती, आणि तीही अशा जागी, जिथे समोरच्याला उठून उत्तर देण्याची सोय नाही. कीर्तनात बुवा एकटाच बोलतो. म्हणून तर त्याने जपून बोलावे!

सकाळी उठून मी मास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, आणि कालच्या गोष्टीचा शब्दही न काढता एक जाड पोथी माझ्या हाती दिली. ते होते फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट साधू १५७९ साली गोव्यास आला, इथली भाषा शिकला, आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांत त्याने ख्रिस्ताची कथा मराठीत सांगितली. ते पुराण १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) तीच कथा कीर्तनाच्या पद्धतीने गावोगाव सांगितली. म्हणजे जी कथा परक्यांची म्हणून मी हसण्यावारी नेली, ती माझ्याच भाषेत, माझ्याच ओवीत आणि माझ्याच व्यवसायात केव्हाची येऊन बसली होती. मला पत्ता नव्हता!

त्यानंतर मास्तरांच्या ओसरीवर माझ्या कितीतरी बैठका झाल्या. पुढे सांगतो त्यातले पुष्कळसे तिथले आहे; काही मागाहून ग्रंथ पाहून मिळवले.

आधी कथा नीट समजून घेऊ. कथा ठाऊक नसता सिद्धांतावर बोलणे म्हणजे अंधगजन्याय. एकाच्या हाती सोंड, एकाच्या हाती शेपूट.

इसवी सनाच्या ३० सालाच्या सुमाराची ही गोष्ट. यहूदिया प्रांतावर रोमी लोकांचा अंमल होता, आणि पंतय पिलात हा तिथला सुभेदार होता. त्याच्या हुकुमाने येशूला यरुशलेम नगराबाहेर वधस्तंभावर खिळले. ही शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना देत. तिचा हेतू केवळ जीव घेणे हा नव्हता. माणसाची सर्वांदेखत विटंबना व्हावी, येणाऱ्याजाणाऱ्याला दहशत बसावी, असा होता. प्रेतेदेखील पुष्कळदा तशीच लटकत ठेवीत. कावळ्यागिधाडांनी ती खावी, हाही शिक्षेचाच भाग.

तो दिवस शुक्रवार होता. यहुदी लोकांचा दिवस सूर्यास्ताला बदलतो, आणि शुक्रवारच्या सूर्यास्ताला त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, लागतो. त्यांच्या धर्मशास्त्राची आज्ञा अशी, की खांबावर टांगलेल्याचे प्रेत रात्रभर तसे ठेवू नये. म्हणजे वेळ अगदी थोडा. आणि उचलायला कोण? बारा शिष्यांपैकी एकाने त्याला पकडून दिले होते, ज्याच्यावर भिस्त त्याने तीनदा ओळख नाकारली होती, बाकीचे पळाले होते. दूरवर उभ्या होत्या त्या गालिलाहून बरोबर आलेल्या काही बाया.

अशा वेळी अरिमथाई गावचा योसेफ नावाचा एक गृहस्थ पुढे झाला. पैसेवाला, पंचसभेचा सभासद, आणि मनातून येशूचा शिष्य. पण लोकांच्या भीतीने त्याने ते लपवून ठेवले होते. तो पिलाताकडे गेला आणि त्याने प्रेत मागितले. त्याच्या मदतीला दुसरा एक आला, निकदेम. हाही पूर्वी एकदा येशूला भेटला होता, पण रात्रीचा, कोणी पाहू नये म्हणून! त्याने गंधरस आणि अगरू यांचे मिश्रण आणले, त्यांच्या मापाने सुमारे शंभर शेर, आपल्या आजच्या मापाने तेहेतीस किलोच्या आसपास. दोघांनी प्रेत तागाच्या वस्त्रात गुंडाळले, जवळच्या बागेत खडकात खोदलेल्या एका नव्या कबरेत ठेवले, आणि दाराशी धोंड लोटली. प्रेत कुठे ठेवले ते त्या बायांनी पाहून घेतले. सूर्य मावळला. शब्बाथ लागला.

तिसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे, त्याच बाया सुगंधी द्रव्ये घेऊन आल्या. धोंड सरकलेली होती. आत प्रेत नव्हते. प्रभू उठला आहे, असे त्यांना सांगण्यात आले. ही कथा. आता विचाराला लागू.

माझा पहिला आक्षेप उघडच होता. मी मास्तरांना म्हणालो, "देव जर अमर, तर तो मरेल कसा? आणि मेला असेल, तर तो देव कसा? अग्नी थंड म्हणण्यासारखं आहे हे."

मास्तर म्हणाले, "बुवा, हा आक्षेप आमच्यातल्याच लोकांनी तुमच्या आधी घेतला होता."

आणि ते खरे आहे. ख्रिस्ती धर्माच्या अगदी पहिल्या काळात एक मत असे निघाले, की येशूचे शरीर हे खरे शरीर नव्हतेच. तो माणूस दिसला, दुखला असे दिसले, मेला असे दिसले, इतकेच. आपल्या भाषेत सांगायचे तर नटाने मेलेल्याचे सोंग आणावे तसे. देवाची अब्रू राखायला हे मत किती सोयीचे! वेदांत शिकलेल्या माझ्यासारख्याला तर ते चटकन पटावे. पण ख्रिस्ती मंडळींनी ते नाकारले. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाती हा स्वतः बेड्या घालून रोमला मरायला नेला जात असता पत्रे लिहून बजावतो, की ते मरण खरे होते. सोंग असेल तर मी तरी कशासाठी मरतो आहे?

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अथानासीने या आक्षेपाला सरळ उत्तर दिले. त्याचा आशय असा: परमेश्वराचा शब्द स्वतः मरू शकत नाही, हे कबूलच आहे. म्हणून तर त्याने मरू शकेल असे शरीर घेतले! मरणाचा पाडाव करायचा तर मरणाच्या घरात शिरले पाहिजे, आणि ज्याला मरणच नाही त्याला त्या घराचे दार लागत नाही. पुढे ४५१ साली खाल्सेदोन येथील धर्मपरिषदेने हा विचार सूत्रात बांधला: व्यक्ती एक, स्वभाव दोन, एक दैवी आणि एक मानवी, दोहोंची भेसळ नाही आणि फारकतही नाही. मरण आले ते मानवी स्वभावाने; पण ज्याला आले तो एकच, देवाचा पुत्र.

आता 'पुरला गेला' या शब्दांकडे पाहा. प्रेषित पौलाने करिंथ गावच्या मंडळीला पहिल्या शतकाच्या मध्यास पत्र लिहिले, त्यात तो आपल्याला मिळालेला उपदेश सांगतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. ३२५ साली निकिया येथे धर्मश्रद्धेची जी प्रतिज्ञा ठरली तीत त्याने दुःख सोसल्याचा उल्लेख आहे, पण पुरल्याचा शब्द नाही. ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेची म्हणून जी प्रतिज्ञा आज जगभर म्हटली जाते, तीत तो शब्द आहे. उपासनेत उभे राहून लहानथोर सगळे तो उच्चारतात. मेला म्हटल्यावर पुरला हे वेगळे सांगायचे कारण काय? मेलेल्याला पुरतातच की! कारण हेच, की सोंगाला कोणी पुरत नाही. नाटकातला मेलेला पडद्यामागे जाऊन उठून बसतो. पुरला म्हणजे खरा मेला. मी ज्या शब्दाची थट्टा केली, तो त्यांच्या प्रतिज्ञेत चुकून राहिलेला नाही. तो खिळ्यासारखा मुद्दाम ठोकलेला आहे.

बरे, मेला तो मेला. पण त्याने दुसऱ्यांचे तारण कसे होते? हा माझा दुसरा आक्षेप, आणि हा पहिल्याहून जड. आपला सिद्धांत असा, की करी तो भोगी. एकाने जेवावे आणि दुसऱ्याचे पोट भरावे असे होत नाही. मग एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप कसे जाणार?

ख्रिस्ती आचार्यांनी याची उत्तरे नाना तऱ्हेने दिली आहेत, आणि कोण्या एकाच उत्तरावर सर्व पंथांनी मोहोर उठवली असे नाही. जुन्या आचार्यांपैकी काही म्हणत, माणूस पापाच्या दास्यात होता, त्याची ही खंडणी. काही म्हणत, हा मरणावर मिळवलेला जय. १०९८ साली कँटरबरीच्या आन्सेल्मने ग्रंथ पुरा केला, त्यात तो म्हणतो, माणसाने देवाचा मान बुडवला. हे देणे माणसाने द्यायला हवे, पण ते देण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून जो दोन्ही आहे त्याने ते दिले. पुढच्या शतकात आबेलार म्हणाला, मुख्य गोष्ट देण्याघेण्याची नव्हे. एवढे प्रेम पाहून माणसाचे दगड झालेले मन वितळते, हेच तारण. सोळाव्या शतकातील सुधारकांनी म्हटले, आपल्याला होणारी शिक्षा त्याने आपल्या जागी उभे राहून घेतली.

मास्तर साधा माणूस. त्यांनी जामिनाचा दृष्टांत दिला. कर्ज काढणारा बुडाला की जामीन राहिलेला भरतो, आणि खत फाटते. मी लगेच म्हणालो, "मास्तर, कर्ज दुसऱ्याला फेडता येतं, पाप कसं येईल? चोरी मी केली आणि तुरुंगात तुम्ही गेलात, तर मी चोर तो चोरच राहिलो की!"

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी तरुण होतो तेव्हाची गोष्ट. वर्गातल्या एका पोरानं फीचे पैसे उचलले. मला कळलं. सांगितलं असतं तर त्याची शाळा सुटली असती, बापानं त्याला मारून टाकला असता. मी माझ्या पगारातनं भरले. त्या महिन्यात घरी दोन्ही वेळा भाकरी अन् चटणी. बायकोला काय सांगावं ते समजेना. पोराला वाटलं, आपण सुटलो! पैसे भरल्यानं तो चोर राहिला नाही, असं नाही, बुवा. पण पुढं दोन वर्षांनी त्याला कुठून तरी कळलं, की भरले कोणी. त्या दिवसापासून तो चोर राहिला नाही."

संतसज्जनहो, मी न्यायशास्त्र शिकलो आहे. या दृष्टांतात कुठे कुठे फट आहे ते मला दिसते. पण एक गोष्ट त्या दिवशी मला लख्ख कळली, जी कोणत्याही ग्रंथाने कळली नव्हती. क्षमा ही फुकट नसते. आपण म्हणतो, 'जाऊ दे, माफ केले'; पण नुकसान हवेत जात नाही, ते कोणाच्या तरी अंगावर पडते. ज्याने क्षमा केली त्याने ते आपल्या अंगावर घेतले, एवढाच क्षमेचा अर्थ आहे. मास्तरांच्या घरच्या त्या महिन्याच्या भाकरी-चटणीशिवाय त्या पोराची क्षमा झाली नसती. आणि ख्रिस्ती माणूस म्हणतो ते एवढेच, की जगाच्या क्षमेची किंमत देवाने दुसऱ्या कोणाकडून वसूल केली नाही. ती स्वतःच्या अंगावर घेतली.

मग वधस्तंभाखाली हसणाऱ्यांचे, आणि माझे, म्हणणे काय होते? हा दुसऱ्यांना वाचवतो आणि स्वतःला वाचवू शकत नाही. यातले वाक्य खरे आहे, फक्त आम्हाला त्याचा अर्थ कळला नव्हता. पुरात पोराला वर उचलून धरणारी आई स्वतः पाण्याखाली जाते, तेव्हा तिला पोहता येत नाही म्हणून काठावरच्याने हसावे काय? दोन्ही हात तिने पोराला दिले आहेत, हे त्याने पाहावे. दुसऱ्यांना वाचवतो आहे, म्हणूनच तो स्वतःला वाचवत नाही.

कर्मसिद्धांत मी सोडला असे कोणी समजू नये. माझ्या कर्माचे ओझे माझे आहे, असेच मी आजही मानतो, आणि या ठिकाणी मास्तरांचा आणि माझा रस्ता वेगळा झाला तो कायमचा. पण ज्याच्याशी मतभेद आहे त्याचे म्हणणे पोकळ नाही, एवढे कळणे हेही थोडे नव्हे.

आता कबरेकडे वळू.

मरण हे माणूस एकटा मरतो; पण त्याला पुरायला दुसऱ्याचे हात लागतात. आजवर जो दुसऱ्यांना उठवीत होता, आंधळ्यांना डोळे देत होता, त्याला आता स्वतःच्या अंगावरचे वस्त्रही सारखे करता येत नाही. देवाने माणसाच्या हाती इतके सर्वस्वी पडावे, हा विचार मला फार दिवस पेलला नाही. आपण देवाला न्हाऊ घालतो, नेसवतो, शेजारती करतो. तो ते करवून घेतो, अशी आपली भावना. पण इथे सेवा घेणारा खरोखरच थंड पडलेला आहे. योसेफाला त्याच्याकडून आशीर्वाद मिळणार नाही, ओळखीचे स्मितही मिळणार नाही. परतफेडीची आशा जिथे मुळीच नाही, अशी सेवा म्हणजे प्रेताची सेवा.

आणि ती केली कोणी? भित्र्यांनी! गुरू जिवंत असता जे रात्री लपून येत, ते गुरू मेल्यावर दिवसाउजेडी सुभेदाराच्या दारी गेले. फासावर चढवलेल्या माणसाचे प्रेत मागणे म्हणजे 'मी याचा आहे' असे सरकारदरबारी लिहून देणे. जे त्याच्या चमत्कारांनी झाले नाही ते त्याच्या मरणाने झाले. इथे मला आपल्या नामदेवरायांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. आपली परंपरा सांगते, की नामदेवराय तिथे गेले, ज्या अस्थींतून नाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून निवडल्या, आणि पंढरपुरी महाद्वारासमोर त्यांना समाधी दिली. दोन कथा एक नव्हेत. पण ज्याला जगाने ढिगाऱ्यात टाकले त्याचे मागे राहिलेले शरीर मागायला कोणीतरी जावे लागते, हे दोन्हीकडे खरे आहे.

मग येतो शनिवार. शुभवर्तमानांत शुक्रवारचे वर्णन तासातासाचे आहे, रविवारचे भरपूर आहे. शनिवारी मात्र जवळजवळ काही नाही. कबरेवर पहारा बसवला असे एक शुभवर्तमान सांगते. बायांनी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला असे दुसरे सांगते. बस्स. आपण कथा ऐकणारे रविवार ठाऊक असल्यामुळे तो दिवस झटकन ओलांडतो. पण त्या बायांना रविवार ठाऊक नव्हता! त्यांच्या हिशेबी सगळे संपले होते. त्यांच्याजवळ उरली होती फक्त कबरेची वाट आणि सुगंधी द्रव्यांची तयारी.

या मुक्या दिवशी तो काय करीत होता? जुनी प्रतिज्ञा सांगते, तो मृतांच्या लोकात उतरला. पूर्वेकडील ख्रिस्ती लोक याचे चित्र काढतात. त्यात ख्रिस्त फुटलेल्या दरवाजांवर उभा आहे, आणि एका हाताने आदामाला, एका हाताने हव्वेला त्यांच्या कबरांतून ओढून काढतो आहे. पाहा, 'धोंड्याआड गेलेला कुणाला काय बाहेर काढणार' या माझ्या विनोदाचे उत्तर ते लोक कित्येक शतके चित्रात काढून भिंतीवर लावीत आहेत. त्यांचे म्हणणेच हे, की बाहेर काढायचे तर आत गेले पाहिजे. विहिरीत पडलेल्याला काठावरून उपदेश करून वर आणता येत नाही.

गोव्यात उत्तम शुक्रवारी ख्रिस्ताची मूर्ती वधस्तंभावरून उतरवतात आणि तिरडीवर ठेवून मिरवणुकीने नेतात. देवळाच्या घंटा त्या दिवशी मुक्या. त्यांच्या जागी लाकडावर लाकूड आपटल्याचा कोरडा आवाज. घरचे माणूस गेल्यासारखे लोक मागून चालतात. मी हे ऐकले तेव्हा मनात म्हटले, देवाच्या जन्माचा उत्सव सगळे करतात. त्याची अंत्ययात्रा काढायला छाती लागते.

यरुशलेमात ज्या जागी ती कबर होती असे मानतात, तिथे सम्राट कॉन्स्टंटाइनने मंदिर बांधविले. ३३५ साली त्याची प्रतिष्ठा झाली. १००९ साली ते पाडले गेले, पुन्हा उभे राहिले. आज त्यात अनेक ख्रिस्ती पंथ वाटणी करून उपासना करतात, आणि दाराची किल्ली शतकानुशतके मुसलमान घराण्यांकडे आहे. २०१६ साली दुरुस्तीसाठी कबरेवरची संगमरवरी फरशी उचलली, तेव्हा खाली खडकातली जुनी शिळा दिसली. यात्रेकरू बुटक्या दारातून वाकून आत जातात. आत काय आहे? काही नाही. रिकामी जागा. आपली वारी विटेवर उभ्या असलेल्या देवाला भेटायला जाते. त्यांची यात्रा देव जिथे नाही ती जागा पाहायला जाते! म्हणूनच माऊलींची समाधी आणि ही कबर यांची सरमिसळ कोणी करू नये. माऊली १२९६ साली आपल्या इच्छेने, संतांच्या मेळ्यात, समाधीत बसले. येशूला परक्यांनी मारले आणि उसन्या कबरेत ठेवले. आळंदीची समाधी भरलेली आहे म्हणून तीर्थ. ती कबर रिकामी आहे म्हणून तीर्थ. दोहोंना आपापल्या जागी राहू द्यावे, त्यातच दोहोंचा मान आहे.

एक गोष्ट आणखी. पौल दुसऱ्या एका पत्रात म्हणतो, की बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर पुरला जातो. पाण्याखाली जाणे ही कबर, वर येणे हा नवा जन्म. म्हणजे ही कबर एकदा घडून गेलेली घटना नाही. ती प्रत्येकाने आपल्यापुरती शिरण्याची जागा आहे. जुना मीपणा तिथे ठेवून यायचा. येशूने स्वतःच गव्हाच्या दाण्याचा दृष्टांत दिला होता: दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. आपल्या शास्त्रात याला बीजांकुरन्यायाची जोड देता येईल; आणि जिवंतपणी मरण्याची गोष्ट आपल्या संतांनाही परकी नाही. पुरणे म्हणजे मातीचा विधी एवढेच त्यांनाही अभिप्रेत नाही. १९६३ साली रोमच्या धर्मपीठाने दहनालाही परवानगी दिली. मुद्दा खड्ड्याचा नव्हे, पेरणीचा आहे.

२००८ च्या आषाढात मी पंढरपुराहून परतलो तो मास्तर गेल्याची बातमी आली. तसाच गेलो. पाऊस भुरभुरत होता. पाळकांनी प्रार्थना केली, पेटी खाली उतरवली, आणि एकेक जण मूठभर माती टाकू लागला. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गंध. मी मागे उभा होतो, जसे ते सप्ताहात मागे बसत. त्यांच्या मुलाने मला हाताने पुढे आणले. मी माती टाकली. पेटीवर पडलेल्या त्या ओल्या मातीचा आवाज मला अजून ऐकू येतो. इतकी वर्षे मी 'पुरला' या शब्दाचा अर्थ ग्रंथांत पाहत होतो. तो त्या दिवशी माझ्या मुठीत होता.

मग मास्तरांच्या घरच्या बाईंना भेटलो. काय बोलावे सुचेना. त्याच म्हणाल्या, "महाराज, काल त्यांचा शुक्रवार झाला. आता आमचा शनवार चाललाय. किती लांबायचा ते त्याला ठाऊक."

मी काही उत्तर दिले नाही. त्यांचा रविवार माझ्या सिद्धांतात नाही, आणि खोटा आधार देणे मला जमले नाही. पण शनिवार मला ठाऊक होता. ज्याने ज्याने आपले माणूस स्मशानात पोहोचवून रिकाम्या घरात दिवा लावला आहे, त्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. या लोकांची श्रद्धा अशी, की आपला देव या दिवसातूनही गेला. रिकाम्या घराच्या त्या दिवसापर्यंत खाली उतरला, आणि मगच वर आला. खरे असो, नसो, ज्याचा त्याने निर्णय करावा. पण यात हसण्यासारखे काय आहे?

माझे समाधान सगळे झाले नाही. माझे हसणे मात्र थांबले. तो विनोद मी पुन्हा कधी केला नाही. उलट जिथे जिथे सप्ताहाला जातो तिथे मंडपाच्या मागच्या खांबाकडे एकदा पाहून घेतो, की तिथे कोण टेकून बसले आहे. आपणही, वारकरी बंधुभगिनींनो, दुसऱ्याच्या देवावर बोलण्याआधी त्याच्या धोंडेजवळ जाऊन क्षणभर उभे राहावे. आत कोणी आहे की नाही हा वाद पुढचा. आधी तिथे रडत कोण बसले आहे, ते पाहावे.

रामकृष्ण हरि.